कागदापासून हिऱ्यापर्यंत

मिरज गावी तंबोरे आणि सतारी घडविणाऱ्या कारागिरांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तंबोऱ्यासाठी भोपळा निवडावयाचा झाला, म्हणजे कारागीर तो मोठ्या चोखंदळपणे निवडतो. भोपळ्याचा घेर, त्याच्या कवचाची जाडी, त्याचा वाळकेपणा ह्या साऱ्यांचा वाद्याच्या नादावर परिणाम होतो. तारेतून निघालेल्या स्वरात भोपळ्याने आणि त्यावरील लाकडी तबलीने आपला गोडवा मिसळावा, अशीच त्याची इच्छा असते. स्वतःचा असा आवाज असणे, हा वाद्याचा गुण होय.

ह्याच्या अगदी उलट अपेक्षा एका यंत्राकडून केली जाते. ते यंत्र म्हणजे ध्वनिक्षेपक, ज्याला नित्याच्या बोलण्यात लाउडस्पीकर किंवा नुसते स्पीकर म्हणतात. त्यातून तंबोरा ऐकू आला तर तो तंबोऱ्यासारखाच वाटावा, सनई सनईसारखी वाटावी आणि आईची हाक आईच्याच हाकेसारखी वाटावी. जुन्या काळी जासूद निरोप घेऊन जात असत. निरोप जसाच्या तसा सांगावा आणि त्यात पदरचा एकही शब्द घालू नये, हे चांगल्या जासुदाचे लक्षण मानले जाई. ध्वनिक्षेपक हा असाच एक जासूद आहे. त्याला स्वतःचा आवाज असणे, हा त्याचा दोष होय. हा दोष घालविण्यासाठी गेली शंभर वर्षे शास्त्रज्ञ आणि अभियंते एका लहानशा वस्तूच्या मागे लागले आहेत. ती वस्तू म्हणजे ध्वनिक्षेपकातील शंकू.

हा शंकू काय काम करतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. ध्वनिक्षेपकाच्या पाठीमागे एक बळकट लोहचुंबक बसविलेला असतो. त्याच्या अरुंद खाचेत तारेचे एक हलके वेटोळे अधांतरी राहील असे ठेवलेले असते. गाण्याच्या किंवा भाषणाच्या आवाजाप्रमाणे कमीअधिक होणारा विजेचा प्रवाह त्या वेटोळ्यातून सोडला, म्हणजे वेटोळे चुंबकाच्या प्रभावाने पुढेमागे हलू लागते. वेटोळ्याला शंकूचे निमुळते टोक चिकटविलेले असते. म्हणून वेटोळ्याबरोबर शंकूही हलतो आणि समोरची हवा ढकलतो व ओढतो. हवेतील ही कंपने कानावर पडली, की ध्वनी ऐकू येतो. एका सेकंदात ४४० वेळा कंपन झाले तर एक विशिष्ट स्वर उमटतो. कंपने वाढली तर स्वर चढतो, कमी झाली तर उतरतो. माणसाच्या तरुण कानाला सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचे आवाज ऐकू येतात. ह्या एवढ्या मोठ्या पल्ल्यातील प्रत्येक हालचाल शंकूने बिनचूक करावयाची असते.

शंकूचाच आकार का, असा प्रश्न कोणाही चौकस विद्यार्थ्याच्या मनात येईल. त्याचे उत्तर वहीच्या एका कोऱ्या पानाने मिळते. पानाचा एक कोपरा धरून ते आडवे उचलले, तर ते लगेच लवते. तेच पान भेळवाल्याच्या पुडीसारखे गुंडाळले, तर त्याचे टोक धरूनही ते ताठ उभे राहते. कागद तोच, वजन तेच. केवळ आकारामुळे त्याला बळकटी आली. शंकूचा उपयोग अशासाठी की, फार वजन न वाढविता त्यामुळे ताठपणा मिळतो.

परंतु ह्या ताठपणालाही मर्यादा असते. परातीत पाणी घेऊन मध्यभागी बोट बुडविले, तर तरंग निघतात, ते परातीच्या कडेवर आदळतात आणि मागे फिरतात. जाणारे आणि येणारे तरंग एकमेकांत मिसळून पाण्यावर वेडीवाकडी नक्षी उमटते. शंकूचेही असेच होते. वेटोळे सावकाश हलत असेल, तोवर सगळा शंकू एकजुटीने हलतो. स्वर चढत गेला आणि हालचाल अतिशय वेगवान झाली, की शंकूच्या मध्यापासून कडेपर्यंत लाटा धावू लागतात व कडेवरून परतू लागतात. मग शंकूचा एक भाग पुढे जात असताना दुसरा मागे येत असतो. कवाईत करणाऱ्या पथकाची पावले चुकावीत, तसा हा प्रकार होय. ह्या गोंधळातून जे आवाज निघतात, ते मूळ गाण्यात नसतात. ते शंकूने आपल्या पदरचे घातलेले असतात.

हे टाळावयाचे, तर शंकूच्या अंगी तीन गुण हवेत. पहिला गुण हलकेपणा. शंकू जड असला तर वेटोळ्याच्या इशाऱ्याबरोबर तो चटकन हलणार नाही आणि चटकन थांबणारही नाही. दुसरा गुण ताठपणा, म्हणजे मध्यभाग हलताच कडही त्याच क्षणी हलावी. तिसरा गुण मूकपणा. पितळी ताटावर चमचा आपटला, तर ते कितीतरी वेळ घणघणत राहते. लाकडी पाटावर आपटला, तर ‘ठक्’ असा आवाज होऊन लगेच शांतता होते. शंकूने पाटासारखे असावे, ताटासारखे असू नये. अडचण अशी की, हे तिन्ही गुण एकाच पदार्थात सहसा सापडत नाहीत. जे ताठ असते ते बहुधा घणघणते, जे मूक असते ते बहुधा मऊ किंवा जड असते. ध्वनिक्षेपकाच्या शंकूचा इतिहास म्हणजे ह्या तीन गुणांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

आकाशवाणीचा जगात नुकताच उदय झाला होता, त्या काळी ध्वनिक्षेपकांत धातूची एक लहान चकती थरथरत असे आणि तिचा बारीक आवाज मोठा करण्यासाठी पुढे लांब कर्णा जोडलेला असे. त्यातून ऐकू येणारा मनुष्याचा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्या दोन अभियंत्यांनी १९२५ साली एक निबंध प्रसिद्ध करून नव्या रचनेचा ध्वनिक्षेपक जगापुढे मांडला. त्यात कर्णा नव्हता. कागदाचा एक शंकू वेटोळ्याला जोडलेला होता आणि तो सरळ खोलीतील हवाच हलवीत होता. पुढल्याच वर्षी तो विक्रीसाठी आला. आज घरोघरी जे ध्वनिक्षेपक दिसतात, त्यांपैकी बहुतेकांची मूळ रचना हीच आहे.

कागदाची ही निवड मोठी चतुराईची होती. कागद हलका असतो, वजनाच्या मानाने ताठ असतो, आणि त्यातील असंख्य तंतू एकमेकांवर घासले जाऊन कंपने शोषून घेतात. म्हणून तो फारसा घणघणत नाही. लाकडाच्या लगद्यातील तंतू पाण्यात कालवून शंकूच्या आकाराच्या जाळीवर जमवावयाचे, पाणी काढून टाकावयाचे आणि ते दाबून वाळवावयाचे, अशी ती कृती आहे. तथापि कागदाला दोन खोडी आहेत. पावसाळ्यात पापड सर्दतो, तसा कागदही हवेतील ओलावा शोषून घेतो आणि त्याचा ताठपणा बदलतो. दुसरे असे की, लगद्याच्या दोन घाण्या अगदी एकसारख्या क्वचितच उतरतात. त्यामुळे आजचा शंकू आणि पुढल्या महिन्यातला शंकू ह्यांत फरक पडतो.

घरी करमणुकीसाठी गाणी ऐकणाऱ्याला एवढा फरक कदाचित जाणवणार नाही. परंतु नभोवाणी केंद्रातील अभियंत्याला तो चालत नाही. तो ध्वनिक्षेपकावर ऐकून ठरवितो की, गायकाचा आवाज नीट येत आहे की नाही आणि वाद्यांचा मेळ बरोबर आहे की नाही. त्याचा ध्वनिक्षेपकच खोटे बोलू लागला, तर तो नसलेला दोष दुरुस्त करावयास जाईल आणि असलेला दोष तसाच राहू देईल. मग ती चूक लक्षावधी श्रोत्यांपर्यंत पोचेल. इंग्लंडमधील बीबीसी ह्या नभोवाणी संस्थेला ही काळजी विशेष वाटत असे. तिचा संशोधन विभाग सरे परगण्यातील किंग्जवुड वॉरन येथे होता. तेथील अभियंते प्रत्यक्ष आवाज आणि ध्वनिक्षेपकातून येणारा आवाज ह्यांची तुलना करून पाहत. माणसाचे साधे बोलणे ही त्यांची मोठी कसोटी असे. कारण मनुष्यवाणी ही प्रत्येकाच्या कानाला जन्मापासून परिचित असते आणि तिच्यातील लहानसे वैगुण्यही कान ताबडतोब ओळखतो.

ह्या विभागाने १९६० नंतरच्या दशकात कागदाऐवजी बेक्स्ट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचे शंकू उपयोगात आणले. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून मऊ करावयाचा आणि हवा खेचून घेऊन साच्यावर बसवावयाचा, अशी ती पद्धत होती. असे शंकू एकमेकांसारखे उतरत आणि ओलाव्याने बिघडत नसत. परंतु बेक्स्ट्रीन पुरेसे मूक नव्हते. म्हणून त्यावर कंपने शोषणारा एक लेप द्यावा लागे आणि त्या लेपाने शंकू जड होई. एक गुण साधावयास जावे तर दुसरा हातचा सुटे, असा हा अनुभव होता. त्याच विभागात काम केलेल्या एच. डी. हारवुड ह्यांनी पुढे पॉलिप्रॉपिलीन हे दुसरे प्लॅस्टिक निवडले. ते अधिक हलके होते आणि मुळातच मूक होते, म्हणून लेपाची गरज उरली नाही. मात्र त्याला डिंक धरेना; वेटोळे चिकटवावे कसे, हीच नवी अडचण उभी राहिली. तीवर उपाय शोधण्यात आले. निवृत्तीनंतर १९७७ साली हारवुड ह्यांनी आपली स्वतःची कंपनी स्थापन करून असे ध्वनिक्षेपक बाजारात आणले.

ह्याच सुमारास एका वेगळ्याच क्षेत्रातून नवा पदार्थ आला. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक मोटारीच्या टायरांसाठी हलका आणि चिवट धागा शोधीत होत्या. १९६५ साली त्यांना एक गढूळ, पातळ द्रावण मिळाले. धागा काढण्याचे यंत्र त्याने तुंबेल, अशी भीती यंत्र चालविणाऱ्या सहकाऱ्यास वाटली. परंतु क्वोलेक ह्यांनी आपला आग्रह सोडला नाही. त्या द्रावणातून निघालेला धागा, वजनास वजन धरले तर, पोलादाच्या पाचपट बळकट ठरला. त्यालाच पुढे केवलर हे नाव मिळाले आणि त्यापासून बंदुकीची गोळी अडविणारी चिलखते तयार होऊ लागली. इंग्लंडमधील वर्दिंग गावी जॉन बाउअर्स ह्यांनी १९६६ साली स्थापन केलेल्या बाउअर्स अँड विल्किन्स ह्या कंपनीने १९७६ साली केवलरच्या विणलेल्या कापडाचा पिवळा शंकू ध्वनिक्षेपकात बसविला.

ह्या शंकूचे मर्म त्याच्या विणीत आहे. हातरुमाल उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ताणला तर तो फारसा ताणला जात नाही. पण तिरपा ताणला तर सहज लांबतो. विणलेल्या शंकूचा ताठपणाही असाच दिशेदिशेला निरनिराळा असतो. त्यामुळे मध्यापासून निघालेल्या लाटा सगळीकडे सारख्या वेगाने जात नाहीत आणि कडेवरून एकदम परतत नाहीत. त्या विस्कळीत होऊन विरतात. म्हणजे येथे अभियंत्यांनी लाटांना थोपवून धरण्याचा हट्ट सोडला आणि त्यांची एकी मोडली. हा केवलरचा शंकू त्या कंपनीच्या उत्तम ध्वनिक्षेपकांत सुमारे चाळीस वर्षे टिकला. २०१५ साली तिने नवा विणलेला शंकू त्याच्या जागी आणावयास प्रारंभ केला.

अतिशय उंच स्वरांसाठी मात्र मोठा शंकू निरुपयोगी ठरतो. त्यांच्यासाठी नाण्याएवढा लहान घुमट वापरतात. ह्या घुमटाला सेकंदास हजारो वेळा हलावयाचे असल्यामुळे ताठपणा आणि हलकेपणा ह्यांची येथे पराकाष्ठा लागते. एखाद्या पदार्थातून ध्वनी किती वेगाने धावतो, त्यावरून ह्या दोन गुणांचा एकत्र अंदाज बांधता येतो. कारण पदार्थ जितका ताठ आणि हलका, तितका तो वेग अधिक. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. पोलाद, ॲल्युमिनियम आणि टिटॅनियम हे धातू एकमेकांहून इतके भिन्न, तरी तिन्हींच्या सळ्यांत हा वेग सुमारे ५,००० मीटरच भरतो. पोलाद ताठ खरे, पण तितकेच जड. ॲल्युमिनियम हलके खरे, पण तितकेच लवचीक. बेरिलियम नावाच्या धातूत मात्र हा वेग १२,००० मीटरांहून अधिक आहे. जपानमधील यामाहा कंपनीने १९७४ साली बेरिलियमचे घुमट बसविलेला ध्वनिक्षेपक तयार केला. हा धातू ठिसूळ असल्यामुळे त्याचा पातळ पत्रा ठोकून घुमट करणे कठीण होते. म्हणून निर्वात जागेत धातूची वाफ करून ती साच्यावर थराथराने बसविण्यात आली. बेरिलियमचा आणखी एक धोका ध्यानात ठेवावयास हवा. त्याची धूळ श्वासावाटे शरीरात गेली, तर फुप्फुसांचा बरा न होणारा रोग जडू शकतो. तयार घुमटापासून ऐकणाऱ्यास भय नसते. परंतु तो घडविणाऱ्या कामगारांच्या संरक्षणाची कडक व्यवस्था ठेवावी लागते. सुंदर स्वराचे मोल कोणाच्या श्वासाने चुकते होऊ नये, हेही अभियंत्याचे कर्तव्यच आहे.

बेरिलियमच्याही पुढचा पदार्थ म्हणजे हिरा. त्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १७,००० मीटर किंवा त्याहूनही थोडा अधिक असतो. २००५ साली वर्दिंगच्या त्याच कंपनीने हिऱ्याचे घुमट असलेले ध्वनिक्षेपक विकावयास आणले. हे हिरे खाणीतून काढलेले नसतात. कार्बनयुक्त वायू अतिशय तापवून त्यातील कार्बनचे कण घुमटाच्या साच्यावर हळूहळू जमू देतात. अशा रीतीने हिऱ्याचे पातळ कवच अक्षरशः वाढविले जाते. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे, ॲल्युमिनियमचा घुमट सेकंदास सुमारे ३०,००० कंपनांवर एकजूट सोडतो, तर हिऱ्याचा घुमट सुमारे ७०,००० कंपनांपर्यंत ती टिकवितो. कानाला २०,००० च्या पुढे ऐकूच येत नाही, तर ह्याचा उपयोग काय? उपयोग असा की, घुमटाची एकजूट एकाएकी मोडत नाही. त्या मर्यादेच्या बऱ्याच अलीकडेच ती ढिली पडू लागते. मर्यादा जितकी दूर, तितका ऐकू येणारा स्वर निर्दोष. परंतु हिराही सर्वगुणसंपन्न नाही. तो बेरिलियमच्या जवळजवळ दुप्पट जड आहे आणि घडविण्यास अत्यंत महाग आहे.

इतके बारीक दोष शोधावयाचे, तर केवळ कान पुरेसा नाही. शंकूची हालचाल डोळ्यांना दिसत नाही, इतकी ती सूक्ष्म आणि वेगवान असते. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधील सेलेस्टियन कंपनीच्या अभियंत्यांनी लेसरचा किरण शंकूवर बिंदुबिंदूने फिरवून प्रत्येक ठिकाणची हालचाल मोजली आणि गणकयंत्राच्या साहाय्याने तिचे चित्र उभे केले. आता एकही शंकू न घडविता, तो कोठे व कसा वाकेल ह्याचे गणित गणकयंत्रावर आधीच मांडता येते. पूर्वी जे पुष्कळसे अनुभवावर सोपवावे लागे, ते आता पुष्कळ अंशी आधी पाहता येते. तरीही अखेरचा निकाल कानाचाच असतो.

नव्या पदार्थांच्या ह्या कथेत एक गंमतीचे वळण आहे. फ्रान्समधील सेंत एत्येन शहरी १९७९ साली स्थापन झालेली फोकाल ही कंपनी. तिने बेरिलियमचे घुमट केले आणि निरनिराळे कृत्रिम पदार्थही योजिले. २०१३ साली मात्र तिने शेतातील एका झाडाकडे हात पसरला. ते झाड म्हणजे जवस. विदर्भात जवस पेरतात ते त्याच्या बियांसाठी. त्या बियांचे तेल काढतात, चटणी करतात. फ्रान्सच्या उत्तरेस ह्याच झाडाच्या उंच जाती धाग्यासाठी लावतात आणि त्या धाग्याचे तागासारखे कापड विणतात. हा धागा आतून पोकळ असल्यामुळे हलका असतो आणि कंपने शोषून घेतो. त्याचा थर काचतंतूंच्या दोन पातळ थरांमध्ये बसवून शंकू तयार करण्यात आला. बाहेरून ताठ कवच आणि आत हलका गाभा, ही युक्ती जुनीच आहे. मालाच्या खोक्याचा पुठ्ठा पाहिला, तर दोन कागदांमध्ये नागमोडी कागद बसविलेला दिसतो. त्याची बळकटी ह्याच युक्तीने आलेली असते.

अशा रीतीने लाकडाच्या तंतूंपासून निघालेला हा प्रवास प्लॅस्टिक, केवलर, बेरिलियम आणि हिरा अशी स्थळे पाहून पुन्हा वनस्पतीच्या तंतूपाशी येऊन पोचला आहे. जुना कागदही निवृत्त झालेला नाही. दुसरे तंतू मिसळून, लेप देऊन सुधारलेला कागद आजही अनेक नामांकित ध्वनिक्षेपकांत काम करीत आहे. सर्वांत महाग पदार्थ तो सर्वांत उत्तम, असा नियम येथे चालत नाही. खर्जासाठी जो योग्य, तो तार स्वरासाठी योग्य असेलच असे नाही. प्रत्येक पदार्थाचे गुण ओळखून, त्याचे दोष मान्य करून, त्याला योग्य जागी बसविणे ह्यातच अभियंत्याचे कौशल्य आहे.

मिरजेचा कारागीर भोपळ्याचा स्वतःचा नाद शोधतो. ध्वनिक्षेपकाचा कारागीर शंकूचा स्वतःचा नाद पुसून टाकण्यासाठी झटतो. दोघांचे मार्ग उलट, पण ध्येय एकच. रात्रीच्या शांत वेळी कोणी डोळे मिटून तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण ऐकत असावे, आणि समोर यंत्र आहे ह्याचा त्याला क्षणभर विसर पडावा. तो विसर पडला, म्हणजे जासुदाने निरोप पोचविला असे समजावे.